पुढच्या पायांवरचे डाग

“बाळ तिच्या हातात देऊ नकोस,” जाऊबाई फोनवर म्हणाल्या होत्या. “तिच्या हातून हल्ली वस्तू पडतात.”

मी तेव्हा बाळाच्या पोटावर हात ठेवून बसले होते, ते वरखाली होतंय ना ते बघत. “बरं,” म्हटलं आणि विषय सोडून दिला. आमच्याकडे वन्संबद्दल कुणी ना कुणी काही ना काही सांगतच असतं. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. त्यांनी लग्न केलं नाही, जनावरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात त्या शरीररचना शिकवतात आणि जेवताना हाडांबद्दल बोलतात. एखाद्या बाईबद्दल वाट्टेल ते बोलायला घरच्यांना एवढं पुरतं. जाऊबाईंनी आवाज खाली आणून “पीतबीत असेल, काय सांगावं,” असं जोडलं, तेव्हा तर मी ऐकणंच थांबवलं.

शिवाय मला वन्संची गरज होती. माझे घोडे दिवाणासारखे दिसत होते.

मी घोड्यांची चित्रं रंगवते. लढाईतले किंवा मावळतीकडे उधळलेले घोडे नव्हेत. लोकांचे स्वतःचे, टोपणनाव असलेले, ज्यांच्या पाठीवर त्यांची मुलं बसायला शिकली असे घोडे. बैठकीच्या खोलीत लावायला. चित्रकलेच्या कॉलेजात आम्हाला माणूस शिकवला होता. चौरंगावर कंटाळून बसलेली माणसं आम्ही वर्षानुवर्षं काढली. घोडा कुणी शिकवला नाही. गावाबाहेर घोडेस्वारी शिकवणारी एक शाळा आहे, तिच्या मालकांना सगळे ‘सर’ म्हणतात. त्यांनी मला त्यांची लाडकी घोडी रंगवायला सांगितली. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून तिचं नाव टिकली. मी फोटो काढले, फोटोवरून चित्र काढलं. सरांनी ते बराच वेळ बघितलं.

“रंग छान आलाय,” ते म्हणाले. “पण मॅडम, हिच्यावर बसावंसं नाही वाटत. हिच्यावर आडवं व्हावंसं वाटतं.”

तेव्हा मी बाळाला उचललं आणि वन्संकडे गेले.

त्या कॉलेजच्या मागच्या फाटकासमोर तळमजल्यावर राहतात. दोन खोल्या. पुढच्या खोलीच्या खिडकीत, पडद्याच्या दांडीला, घोड्याचा पुढचा पाय टांगलेला आहे. म्हणजे त्याची हाडं, तारेने ओवलेली. वारा आला की खूर गजावर वाजतो. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं कुणी दार ठोठावतंय. सासूबाई शेवटची काही वर्षं याच खोलीत होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. मी गरोदर असताना त्या गेल्या. त्यांची कॉट अजून खिडकीशी तशीच होती आणि तिच्यावर चादर न घालता वर्तमानपत्रं अंथरून हाडं मांडलेली होती. उशीच्या जागी मणके, पायथ्याशी पाय. कॉटला लागून एक लाकडी हाताची खुर्ची.

“झोपता कुठे मग?” मी विचारलं.

“ही काय खुर्ची. पाठीला बरं पडतं.” त्यांनी माझं चित्र हातात घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं. “अगं, हा घोडा आहे का दिवाण?”

“सर पण तेच म्हणाले.”

“सरांना कळलं म्हणजे कमालच.” त्यांनी चित्र मणक्यांना टेकवून ठेवलं. “तू बाहेरून आत जातेस. कातडं काढतेस, त्याच्याखाली जरा मांस काढतेस, आणि मग दमतेस. आतून बाहेर यायला शीक. सांग, घोड्याचा पुढचा गुडघा कुठला?”

मी टांगलेल्या पायाच्या मधल्या सांध्यावर बोट ठेवलं.

“चूक. ते मनगट.” त्यांनी स्वतःचा हात टेबलावर उभा केला, मधल्या बोटाच्या टोकावर, बाकीची बोटं मिटून. “हे मनगट. हा तळहात, लांबच लांब ओढलेला. हे बोटाचं मूळ, म्हणजे घोड्याच्या खुरावर जो सांधा असतो ना, तो. आणि खाली नख. घोडा जन्मभर मधल्या बोटाच्या नखावर उभा असतो. राहून बघ तू.”

“मी सध्या तशीच राहतेय, वन्सं.”

“दिसतंयच. आणि वन्सं वन्सं काय करतेस, म्हातारी झाल्यासारखं वाटतं. आण ते गठुडं इकडे.”

बाळाला त्या गठुडं म्हणायच्या. बाळ माझ्या हातातून दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं की माझ्या कानात एक बारीक शिट्टी सुरू व्हायची. आईने घेतलं, नवऱ्याने घेतलं, तरी. वन्संनी घेतलं तेव्हाही ती सुरू झाली. पण पेन्सिल कागदाला लागली की शिट्टी भिंतीपलीकडे जायची. बस, असंच ठरून गेलं. त्यांचा तास नसेल तेव्हा मी जायची, बाळ त्यांच्याकडे द्यायची आणि काढत बसायची.

पहिल्या दिवशी मी त्यांचा तोच हात काढला, बोटावर उभा. मधल्या बोटाच्या मुळाशी आणि शेजारच्या बोटाशी तपकिरी खपल्या होत्या. त्या मी चित्रात घेतल्या नाहीत. सवय. आमच्या कामात डाग रंगवत नाहीत. खोगीर घासून गेलेले केस, पट्ट्याचे वळ, जुन्या जखमा, सगळं सोडून द्यायचं, मालक स्वतःच सांगतात, “जरा साफ करून द्या हं.” हळूहळू हाताला सांगावं लागत नाही. डोळा बघतो आणि हात सोडून देतो.

मी शिकत गेले. घोड्याला हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड नसतं हे मला माहीत नव्हतं. त्याचे पुढचे पाय धडाला हाडाने जोडलेलेच नसतात, नुसत्या मांसाने बांधलेले असतात. एवढं मोठं धड दोन पायांच्या मधे झोळीत ठेवल्यासारखं असतं. ते कळल्यावर माझ्या घोड्यांच्या छातीखाली पहिल्यांदा जागा आली. मागच्या पायाच्या सांध्याला आतून जणू कडी लागते आणि म्हणून घोडा उभ्याने डुलकी काढू शकतो, हेही शिकले. मग कुठला पाय भार घेतोय आणि कुठला नुसता टेकलाय, ते दिसायला लागलं. बसस्टॉपवर माणसं दिसली तरी मी त्यांचे नितंब बघायची. भार कुठे आहे. कुठे नाही.

त्या दिवसांत मला काही वाटत नव्हतं, हे सांगायला हवं. वाईट वाटत नव्हतं. तपासून घ्यायला गेले की डॉक्टर विचारायच्या, “तुम्हाला कसं वाटतंय?” आणि मी “ठीक” म्हणायची, कारण खरोखर काहीच नव्हतं सांगण्यासारखं. फक्त बघणं चालू होतं. दुकान बंद, शटर खाली आणि आत एकच दिवा राहून गेलेला, तसं. बाळ श्वास घेतंय का, गॅस बंद आहे का, दाराची कडी, पाण्याची बादली, परत बाळ. नवरा म्हणायचा, “अगं जरा झोप, मी आहे ना.” तो तसं म्हणायचा आणि पाच मिनिटांत घोरायला लागायचा. मी त्याच्या बरगड्या मोजायची.

वन्संबद्दलही मी बघितलं होतंच. त्यांच्या स्वयंपाकघरात एकही कप धड नव्हता. सगळ्यांचे कान चिकटवलेले. हनुवटीखाली एक टाक्यांची रेघ होती. त्या बसत नसत. बाळाला घेऊन सदा उभ्या, कपाटाला टेकून नाहीतर खिडकीशी.

“बसा ना,” मी म्हणायची.

“बसले की झोप येते.”

“मग झोपा.”

“दिवसाढवळ्या? मला काय धाड भरलीये?”

बघितलं होतं सगळं. पण एकत्र मांडलं नव्हतं.

मग टिकलीचं दुसरं चित्र सुरू केलं, या खेपेला फोटोवरून नाही, समोर बसून. स्वारीची शाळा वन्संच्या घरापासून चालत जाण्यासारखी आहे; तिथल्या जनावरांना काही झालं तर कॉलेजातलेच लोक जातात, त्यामुळे वन्संना तिथे सगळे ओळखतात. मी टिकलीच्या दारासमोर स्टूल टाकून बसायची, वन्सं खांबापाशी उभ्या, खांद्यावर बाळ. तबेल्यात भुशाचा आणि ओल्या चामड्याचा वास. बाळ तिथे शांत असायचं. टिकलीच्या शेजारचा कप्पा रिकामा होता. तिथे आधी एक पांढरा म्हातारा घोडा असायचा, त्याला सगळे आजोबा म्हणायचे. तो गेला होता.

चित्र चांगलं झालं. मला त्याचं काही वाटलं नाही, पण चांगलं झालं होतं ते दिसत होतं. घोडी उभी होती. तिच्या पायांत भार होता.

“आता कशी!” सर म्हणाले. “आता हिच्यावर बसलं तर ही मला पाडेल.”

“पाडायलाच हवं,” वन्सं म्हणाल्या. मग त्या बाळासकट पुढे वाकल्या. “हे काय? डाग कुठे गेले?”

“कुठले डाग?”

“पुढच्या पायांवर. खुरावरच्या सांध्याला. दोन्ही पायांना, समोरून. ती बघ.”

मी घोडीकडे बघितलं. होते. केस गेलेले दोन गोल, वर वाळलेल्या खपल्या. एका पायावर ताजं लाल. मी इतके दिवस तिच्या समोर बसले होते.

“डाग नकोच हो ताई,” सर म्हणाले. “कुठेतरी धडकत असेल दाराला. अंगणात लावायचंय का चित्र? हॉलमध्ये लावायचंय.”

“दाराला धडकली तर ते मनगटाला लागेल. हे खाली आहे,” वन्सं म्हणाल्या. “आजोबा गेल्यापासून ही कधी आडवी झालेली बघितलीये का तुम्ही?”

सर विचार करायला लागले. “घोडे तर उभ्यानेच झोपतात.”

“उभ्याने डुलकी काढतात. गाढ झोपेला त्यांना आडवंच व्हावं लागतं, थोडा वेळ का होईना. आणि आडवं व्हायचं तर जवळ कुणीतरी जागं लागतं. एक झोपतो तेव्हा दुसरा उभा राहतो, असं असतं त्यांचं. हिच्या जवळ कुणी नाही. मग ही आडवी होत नाही. होत नाही, होत नाही, आणि एक दिवस उभ्याउभ्याच गाढ झोप लागते. मग पाय सुटतात. पुढे कोसळते, या सांध्यांवर. दचकून उठते. परत तेच.”

त्या शिकवताना बोलतात तशा बोलत होत्या, सावकाश, बाळाची पाठ थोपटत. आणि जणू शिकवणीचाच भाग असावा तशी टिकलीची मान खाली यायला लागली. आधी डोकं. मग खालचा ओठ सैल पडून लोंबला. मग मान आणखी खाली. मग पुढचे दोन्ही पाय एकदम दुमडले आणि ती पुढे आपटली, फरशीवर दगड पडावा तसा आवाज झाला, आणि फुरफुरत ती उभी राहिली. आमच्याकडे तिने असं बघितलं, जसं काही झालंच नाही.

“बोटांच्या मुळांवर,” मी म्हटलं.

“हं?”

“तो सांधा. आपल्या बोटांचं मूळ.”

“हां. बरोबर. लक्षात राहिलं तुझ्या,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं नाही. मी बघितलं. नवी खपली होती, जुन्याच्या शेजारी.

घरी येऊन मी पहिल्या दिवशीचं चित्र बाहेर काढून बघितलं. स्वच्छ हात. माझ्याइतका स्वच्छ हात जगात कुणी काढत नसेल.

तिच्या हातून वस्तू पडतात. जाऊबाईंना पडलेली वस्तू दिसली होती, तेवढी खरी होती. वन्संच्या हातात आता माझं बाळ असायचं.

दुसऱ्या दिवसापासून मी बाळाला झोळीत घालून छातीशी बांधायला लागले. “किरकिर करतंय, दुसऱ्याकडे जात नाही,” असं सांगितलं. वन्सं बाळाच्या पायाचा अंगठा ओढून म्हणाल्या, “गठुडं रुसलं वाटतं आत्यावर.” मी हसले. हसायचं होतं म्हणून हसले. त्यांना विचारायला हवं, हे मला कळत होतं. पण काय विचारायचं? तुम्ही आडव्या का होत नाही? घरात कुणी कुणाला असं विचारत नाही. आणि विचारून उत्तर आलं असतं तर त्याचं काय करायचं, ते माझ्याकडे नव्हतं. माझ्याकडे तेव्हा काहीच नव्हतं.

वन्संच्या सांगण्यावरून सरांनी टिकलीच्या शेजारच्या कप्प्यात एक म्हातारं खेचर आणून बांधलं. एका डोळ्याने आंधळं, सामान ओढण्यातून निवृत्त झालेलं. पहिले काही दिवस दोघांनी एकमेकांकडे पाठ केली. मग एका दुपारी मी चित्राचा कोपरा पुरा करत असताना सर पलीकडून धावत आले, पायातली एक चप्पल मागे टाकून.

“ताई! ताई, घोडी गेली!”

आम्ही बघितलं. टिकली भुशात आडवी पडली होती. साफ आडवी, मान लांब टाकून, चारही पाय एका बाजूला. पाय हलत होते, स्वप्नात धावल्यासारखे. आणि ती घोरत होती. मोठ्याने. शेजारी खेचर उभं होतं, आंधळा डोळा तिच्याकडे आणि चांगला डोळा दाराकडे करून.

“गेली ती,” वन्सं म्हणाल्या, “पण संध्याकाळपर्यंत परत येईल. बूट घाला तुमचा.”

“चप्पल आहे.”

“तीच घाला.”

सर ओशाळून हसले. मी वन्संकडे बघितलं. त्या हसत नव्हत्या. त्या झोपलेल्या घोडीकडे अशा बघत होत्या, जसं एखादं लहान मूल दुसऱ्याच्या ताटाकडे बघतं.

त्याच आठवड्यात ते झालं. त्यांच्या घरी, दुपारी. मी खांद्याचं फावड्यासारखं हाड काढत होते. झोळीत बाळ रडत होतं, थांबत नव्हतं, आणि माझी रेघ हलत होती.

“दे इकडे,” वन्सं म्हणाल्या. “तुझ्याने व्हायचं नाही ते.”

मी दिलं. का दिलं? हात भरून आले होते आणि त्यांनी हात पुढे केले होते. शिट्टी सुरू झाली. मी पेन्सिल उचलली. त्या खिडकीशी गेल्या, टांगलेल्या पायाशेजारी उभ्या राहिल्या, थोपटायला लागल्या. बाळ गप्प झालं. वाऱ्याने खूर एकदा वाजला. मी हाडाची कड काढत होते आणि मधेमधे वर बघत होते, कारण मी वर बघतेच.

त्यांचं डोकं खाली आलं.

मग खालचा ओठ सैल पडला.

मी पेन्सिल खाली ठेवली. फेकली नाही, ठेवली. मला आठवतंय, ती घरंगळू नये म्हणून मी तिला मणक्याच्या खाचेत टेकवली. मान आणखी खाली आली. मी उठले. क्रम मला माहीत होता आणि त्यात किती वेळ असतो तेही. कॉटला वळसा घालून मी गेले आणि दोन्ही हात त्यांच्या हातांखाली घातले. मला दोघांपैकी एकालाच धरता येणार होतं. मी बाळ उचललं. त्याच क्षणी त्यांचे गुडघे सुटले आणि त्या माझ्या पायांशी पडल्या, आधी गुडघ्यांवर, मग मुठींवर.

बाळ जागंही झालं नाही.

वन्संनी डोळे उघडले. त्यांनी आधी स्वतःच्या हातांकडे बघितलं, मग फरशीवर, मग कॉटखाली.

“काय पडलं माझ्या हातून?” त्यांनी विचारलं. “अगं, काय पडलं?”

“काही नाही. बाळ माझ्याकडे आहे. तुम्ही पडलात.”

त्या तशाच बसून राहिल्या. मुठीतून थोडं रक्त आलं होतं. मी शेजारी फरशीवर बसले. आम्ही दोघी कॉटच्या पायाला टेकून बसलो होतो आणि वर सासूबाईंच्या जागी एक घोडा मांडलेला होता.

“कधीपासून?” मी विचारलं.

“आई गेल्यापासून.” मग मूठ उघडून बघत, “आधीपासून असेल. आधी कळायचं नाही. ती हाक मारायची ना, सारखी. कधी पाणी, कधी कूस. हाक ऐकू यायला हवी म्हणून खुर्चीत बसायची मी. आता हाक येत नाही. पण आडवं झालं की वाटतं, आत्ता येईल.”

“टिकलीसारखं.”

“घोडी म्हणतेस मला?”

“तुम्हीच शिकवलंत.”

“नणंदेला घोडी म्हणते,” वन्सं बाळाला म्हणाल्या. “बघितलंस का गठुड्या, तुझी आई.” आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आवाज नाही, नुसतं पाणी, नळ नीट बंद झाला नसावा तसं. मी त्यांच्याकडे बघत होते. मला रडू आलं नाही. पण कानातली शिट्टी थांबली होती. तिच्या जागी काहीच नव्हतं. नुसती खोली होती.

मी बाळाला झोळीत बांधलं आणि कॉटवरची हाडं उचलायला सुरुवात केली.

“अगं, डावं-उजवं मिसळू नकोस!”

“नाही मिसळत. मला येतं आता ओळखता.”

येत होतं. डाव्या पायाची टेबलाखाली, उजव्याची कपाटाशी, मणके क्रमाने भिंतीला लावून. वर्तमानपत्रं काढली. चादर घातली. वन्संना हाताला धरून उठवलं, पण त्या कॉटच्या कडेवरच बसल्या.

“मी नुसती टेकते.”

“आडव्या व्हा.”

“आणि तू?”

“मी खुर्चीत बसते. मला काढायचंय. मी जागीच असते, तुम्हाला माहितीये.”

“ते माहितीये,” त्या म्हणाल्या. “तुझंही मला काही बरं दिसत नाही.” आणि आडव्या झाल्या. बराच वेळ छताकडे बघत होत्या. “आहेस ना?” त्यांनी विचारलं. मी “आहे” म्हटलं. थोड्या वेळाने परत, “आहेस?” परत “आहे”. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. पाय हलायला लागले, आधी एक, मग दुसरा. मग त्या घोरायला लागल्या. मी त्यांचा कॉटवरून लोंबणारा हात कागदावर काढला. खपल्यांसकट. ताज्या रक्तासकट.

सरांना मी चित्र साफच दिलं. ते हॉलमध्ये लागलं आहे, लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. टिकलीचंच डाग असलेलं दुसरं चित्र केलं, ते वन्संना दिलं. त्यांनी ते कपाटामागे ठेवलं आणि म्हणाल्या, “खांदा अजून जरा मागे हवा होता.”

त्यानंतर दुपारी दुपारी मी जात राहिले. त्या झोपायच्या, मी खुर्चीत. कधी कधी त्या उठून मला म्हणायच्या, “आता तू हो आडवी, मी बघते गठुड्याकडे. बसून बघते, बस?” आणि मी व्हायची. त्या कॉटवर मला झोप लागायची. घरी लागत नसे, तिथे लागायची. जाऊबाईंनी विचारलं, “अजून देतेस का बाळ तिच्या हातात?” मी म्हटलं, “देते. त्या आधी झोपल्या असतील तर देते.” त्यांना काही कळलं नाही. मी समजावूनही सांगितलं, घोडीपासून सगळं. “इश्श,” त्या म्हणाल्या, “मोठी बाई आहे, झोपेल की तिची ती.”

मग नवऱ्याची बदली झाली. खूप लांब. जाऊ नये असं काही कारण मला सांगता आलं नाही. ‘वन्संच्या दुपारच्या झोपेसाठी’ हे कारण धरत नाहीत. “ताई खंबीर आहे,” तो म्हणाला. “सगळ्यांचं केलं तिने. कधी पडलेली बघितलीयेस का?”

“हो,” मी म्हटलं.

तो सामानाच्या खोक्यांची यादी करायला लागला.

आता इकडून वन्संना फोन करते. “आडव्या होता ना?” “होते गं.” “कॉटवर?” “कॉटवरच.” आणि मागून त्या लाकडी खुर्चीचा हात करकरतो. मला तो आवाज माहीत आहे, मी त्या खुर्चीत बसले आहे. मी तो ऐकते आणि “बरं” म्हणते. बाळ आता धरून उभं राहतं. ते उभं राहिलं की मी आधी बघते, भार कुठे आहे.

म्हणून तुम्हाला सांगते आहे. तुम्ही त्या गावात राहत असाल, त्या कॉलेजच्या मागच्या फाटकावरून जात असाल, तर ती खिडकी तुम्हाला माहीत असणार; घोड्याचा पाय टांगलेली दुसरी खिडकी तिथे नाही. एखाद्या दुपारी दार वाजवा. जोरात वाजवा, नाहीतर त्यांना वाटेल खूर वाजतोय. झोपता का, असं विचारू नका, हो म्हणतील. हात बघा, बोटांच्या मुळांशी. कॉट बघा. तिच्यावर चादर असेल तर चहा घेऊन निघा. हाडं असतील तर सांगा, जरा बसायला आलोय, आणि खुर्चीत बसा. बोलायची गरज नाही. वाचायला काही घेऊन जा. त्या दोनदा विचारतील, आहात ना. दोन्ही वेळा आहे म्हणा.